टीएक्सआर गजभियेंचा हात

संशय घेणे हीच धर्मपाल गजभिये यांची नोकरी होती, आणि ती त्यांनी रायपूरच्या रेल्वे यार्डात अठ्ठावीस वर्षे इमानेइतबारे केली. ते टीएक्सआर होते, म्हणजे गाडीचे डबे तपासणारे. मालगाडी यार्डात शिरली की एका हातात हातोडी आणि खिशात खडू घेऊन ते तिच्या कडेकडेने चालू लागायचे आणि प्रत्येक चाकाजवळच्या एक्सल बॉक्सला हात लावून बघायचे. बॉक्स कोमट लागला तर ठीक. चटका बसला तर आत बेअरिंग जळतंय असं समजायचं, आणि असा डबा पुढे सोडला तर कुठल्या तरी पुलावर चाक मोडणार हेही समजायचं. मग गजभिये खडू काढून डब्यावर ‘सिक’, म्हणजे आजारी, असं लिहायचे. एकदा त्यांनी सिक लिहिलं की तो डबा गाडीतून कापलाच जायचा. स्टेशन मास्तर विनवण्या करो नाहीतर कंट्रोलवरून फोनावर फोन येवोत, गजभियेंनी स्वतःचा खडू स्वतः कधी पुसला नाही.

हात लावायचा तो मात्र उलटा, बोटांच्या मागच्या बाजूने. ही पहिल्याच दिवशी उस्तादाने शिकवलेली रीत. तळहात भाजला तर महिनाभर पाना धरता येत नाही, मागची कातडी भाजली तर तेल लावून दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर. पहिल्या वर्षात ती सवय झाली आणि नंतर सवय आहे हेही ते विसरले.

दहा वर्षांपूर्वी दोन डब्यांच्या मधलं कपलिंग बघताना गाडीने धक्का खाल्ला आणि त्यांचा उजवा हात मनगटाच्या चार बोटं वर चिरडला गेला. नोकरी राहिली, पण टेबलाची. आठ वर्षे डाव्या हाताने फायली सरकवून ते निवृत्त झाले आणि गुढियारीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात बसून राहू लागले. हात गेला होता, पण संशय जागच्या जागी होता. दूधवाल्याच्या दुधावर, केबलवाल्याच्या वायरीवर, टीव्हीतल्या हसऱ्या डॉक्टरांवर, कोणावर म्हणून त्यांचा विश्वास नव्हता. कलावतीबाई म्हणायच्या, “यायले बसल्या जागी सारं जग सिक दिसते.”

तर अशा माणसाच्या नशिबी तो हात आला.

शंकर नगरात एका कपड्यांच्या शोरूमच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, काही इंजिनियर मंडळी नकली हातासाठी कातडी बनवत होती. कातडी म्हणजे रबरासारखी मऊ, पोळीसारखी पातळ, आत केसाहून बारीक तारा. नकली बोटांवर ती चढवायची. बोट कशाला टेकलं की दाब किती, ऊब किती, हे कातडीला कळायचं, आणि ती खबर उरलेल्या हाताला बांधलेल्या पट्ट्यातून नसांना मिळायची. माणसाला वाटायचं, आपलंच बोट टेकलं. मोहल्ल्यातल्या बुद्धविहाराच्या फळ्यावर या चाचणीचा कागद लागला होता. फॉर्म कलावतीबाईंनी भरला, गजभियेंनी नुसती सही केली. तीही संमतीपत्र तीन वेळा वाचून आणि अटींखाली पेन्सिलीने रेघा मारून. सोबत रंगीत चित्रांची एक पुस्तिका मिळाली होती. ती त्यांनी जाहिरात समजून टीव्हीखाली सरकवली.

चाचणीत आठ जणांची नावं होती आणि गजभिये पहिले. त्यांना स्पर्श जाणवला, असं तपासायला येणाऱ्या समितीने मान्य केलं तरच दुसऱ्याला हात बसणार होता. दुसरं नाव पिंकीचं होतं.

पिंकी तेवीस वर्षांची, बूढ़ापाऱ्यातली. उसाच्या रसाच्या चरकात सतराव्या वर्षी तिचा उजवा हात गेला. तिच्या मोठ्या बहिणीचं घराखालीच ब्यूटी पार्लर होतं, आणि हात जाण्याआधी धाग्याने भुवया कोरण्यात पिंकीची बोटं बहिणीहून सफाईने चालायची. आता ती डाव्या हाताने गिऱ्हाइकांचे चेहरे धुवायची आणि बहिणीला धागा तोडून द्यायची. दर मंगळवारी ती शंकर नगरात मापं द्यायला यायची आणि बाकावर गजभियेंच्या शेजारी बसायची.

“काकाजी, सच में पता चलता है?” तिने पहिल्याच मंगळवारी विचारलं. “धागा कितना खिंचा है, ये भी?”

“थांब वो पोट्टे,” गजभिये म्हणाले. “मले आधी पाहू दे.”

त्या दिवशी शर्मिष्ठा नावाच्या इंजिनियर मुलीने त्यांच्या उरलेल्या हातावर पेन्सिलीचं बोथट टोक टेकवत टेकवत नेलं. शर्मिष्ठा मराठी घरातली होती, मराठी सगळं समजायची, पण बोलायची हिंदीच. एका जागी टोक टेकलं आणि गजभिये दचकले. त्यांच्या नसलेल्या तर्जनीला कोणीतरी टोचलं होतं. थोडं बाजूला टेकलं तर अंगठ्याला. त्यांना घाम फुटला. हात गेल्यापासून एक गोष्ट त्यांनी कलावतीबाईंखेरीज कोणाला सांगितली नव्हती. नसलेल्या हाताची मूठ त्यांना कायम आवळलेली जाणवायची. दहा वर्षे ती मूठ उघडत नव्हती आणि नखं नसलेल्या तळव्यात रुतायची.

मग हात चढला. रंग त्यांच्या रंगापेक्षा उजळ होता. शर्मिष्ठाने त्यांना डोळे मिटायला सांगितलं, एकेक वस्तू पुढे ठेवली आणि म्हणाली, “अंकल, अब इसे उंगलियों से दबाइए।”

गजभियेंनी दाबलं आणि ओळखलं. स्पंज. लाकडी ठोकळा. कोमट पाण्याची बाटली. तिन्ही बरोबर. खोलीतल्या चार-पाच जणांनी टाळ्या वाजवल्या. दहा वर्षांनी त्या बोटांनी त्यांना काहीतरी सांगितलं होतं.

त्यांनी डोळे उघडले, आणि त्यांना दिसलं की शर्मिष्ठाच्या हातात टॅब आहे आणि तिचं बोट काचेवरून वरखाली फिरतंय.

मनात पाल चुकचुकली.

“हे काय करून राहिली तू?”

“कुछ नहीं अंकल, सिग्नल कम-ज़्यादा कर रही हूँ। आपको ज़ोर से न लगे इसलिए।”

“आन डोये मिटाले काहून लावते?”

“ताकि आप देखकर न बता दें।”

उत्तरं सरळ होती. गजभियेंना सरळ उत्तरांचा पूर्वीपासूनच तिटकारा होता. यार्डात ज्या गाडीचे कागद सगळ्यात स्वच्छ असायचे, तीच ते दोनदा तपासायचे. घरी परतताना ऑटोत त्यांनी हिशेब जुळवला. डोळे मिटायला कोण लावतो? बाजारातला जादूगार. बोट काचेवर कोणाचं होतं? तिचं. मग स्पंज आहे की ठोकळा हे त्यांच्या बोटांनी सांगितलं, की तिच्या बोटाने पट्ट्यात पाठवलं? त्यांना ते खरं असायला फार हवं होतं, आणि म्हणूनच त्यांचा त्याच्यावर जास्त संशय होता.

हात पंधरा दिवसांसाठी घरी न्यायला मिळाला. टॅब शंकर नगरातच राहिला. गजभियेंना हेच हवं होतं.

डाव्या हाताने सगळं करायची त्यांना दहा वर्षांची सवय, त्यामुळे उजवा नुसता कडेला लोंबत असायचा. उठायचा तो फक्त तपासणीला. सकाळी कलावतीबाई चहा ठेवून गेल्या की गजभिये इकडेतिकडे बघायचे आणि हळूच पेल्याला हात लावायचे. काही नाही. चुलीवरून उतरवलेल्या तव्याच्या कडेला लावला. काही नाही. शेजाऱ्याची स्कूटर उन्हातून येऊन थांबली, तिच्या तापलेल्या सायलेन्सरला लावला. शेजारी “अरे भैया, जल जाओगे!” म्हणून ओरडला, पण गजभियेंना काही म्हणजे काही जाणवलं नाही. यार्डात जसे चालत चालत लावायचे तसाच त्यांनी घरातल्या प्रत्येक तापलेल्या वस्तूला हात लावून पाहिला. पंधरा दिवसांत एकदाही त्या हाताने खबर दिली नाही.

शेवटी एका दुपारी त्यांनी कलावतीबाईंना सांगून टाकलं. त्या गहू निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून त्या जवळ आल्या आणि त्यांनी आपला तळहात नवऱ्याच्या नव्या हातावर वरून ठेवला. थोडा थोपटला.

“काई वाटते?”

“नाही.”

“थोडंबी?”

“म्हटलं ना, नाही.”

कलावतीबाई परत गव्हाकडे गेल्या. गजभियेंना इतका राग आला की त्यांना पाणीसुद्धा नको झालं. फसवायचं तर म्हाताऱ्याला फसवा, पण या बाईलाही आशेला लावलं, हे त्यांना सहन होईना.

पुढच्या मंगळवारी पिंकी बाकावर आधीच बसली होती. पर्समधून धाग्याचं रीळ काढून तिने दाखवलं. हात बसला की पहिल्याच दिवशी सराव करायचा म्हणून ती नवं रीळ घेऊन फिरत होती. गजभियेंनी ते रीळ पाहिलं आणि त्यांना राहवेना. हा खोटा माल या पोरीच्या गळ्यात मारणार आणि आपण बघत बसणार?

“पिंके, आयक,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “घरी या हातानं काईच समजत नाही. इथंच समजते, ते बी या मॅडमच्या हातात टॅब असला तवाच. तू कोनावर भरोसा नको ठेवू.”

“दीदी झूठ बोल रही हैं?”

“मी अठ्ठावीस वर्षं हेच काम केलं. मले समजते.”

पिंकीने रीळ पर्समध्ये ठेवलं. ती वाद घालेल असं त्यांना वाटलं होतं. पण ती नुसती समोरच्या दाराकडे बघत बसली आणि आत बोलावल्यावर मापं देऊन निघून गेली.

समिती शुक्रवारी आली. तिघे जण, सगळे बाहेरचे, आणि त्यांचे प्रमुख शेखर सर, एका मोठ्या इस्पितळातले हाडांचे डॉक्टर. शर्मिष्ठाने स्पंज आणि ठोकळे मांडून ठेवले होते. गजभिये आत आले, खुर्चीवर न बसता उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, तपासनी माह्या पद्धतीनं होईल.”

शेखर सरांनी हसून मान डोलावली.

“या मॅडम टॅब घेऊन बाहेर जातीन. आन कंपनीचा एकबी मानूस खोलीत नाही पाहिजे.”

शर्मिष्ठाचा चेहरा उतरला, पण ती घाबरली नाही. तिने टॅब बंद करून दाखवला, हातातून येणारी खबर ज्या लॅपटॉपवर रेषेसारखी उमटायची तो समितीच्या पुढे सरकवला आणि बाहेर गेली. गजभियेंनी कॅन्टीनमधून उकळत्या चहाचा स्टीलचा पेला मागवला होता. तो टेबलावर आला. तिघे जण लॅपटॉपच्या पडद्यावर वाकले. गजभियेंनी स्वतःच डोळे मिटले आणि पेल्याला हात लावला. यार्डात हजारो वेळा लावला होता तसाच.

पडद्यावरची रेषा हलली नाही.

“एक बार और,” शेखर सर म्हणाले.

रेषा हलली नाही.

तिसऱ्यांदाही नाही. गजभियेंनी डोळे उघडले. आपण बरोबर ठरलो याचा त्यांना आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. त्यांनी रजिस्टर ओढलं, आणि ‘स्पर्श जाणवतो का’ या रकान्यात डाव्या हाताने मोठ्या अक्षरांत ‘नाही’ लिहिलं.

शर्मिष्ठा आत आली, सपाट रेषेकडे बघत राहिली. “सेंसर मर गया क्या,” ती स्वतःशीच पुटपुटली आणि हात सोडवायला पुढे झाली. गजभियेंनी तिला थांबवलं.

“आता याले कोनी खोलाचं नाही. हा पुरावा हाय. यार्डात अपघात झाला तर चौकशी होईपर्यंत नटबी हलवत नाही.”

“अंकल, मैंने आपसे क्या झूठ बोला?” तिने विचारलं. तिचा आवाज फाटला होता. हात तोवर गजभियेंकडेच राहायचा आणि सोमवारी पेटीत सीलबंद करून जमा करायचा असं ठरलं आणि ते जिना उतरले. पिंकीने सकाळीच फोन करून आपलं नाव काढून घेतल्याचं त्यांना खाली वॉचमनकडून कळलं. बरंच झालं, पोरगी वाचली, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. सदर बाजाराच्या गर्दीत ऑटो अडकला तेव्हा तेच पुन्हा एकदा सांगितलं.

रविवारी सकाळी कलावतीबाई भाकरी थापत होत्या. गजभिये पाटावर बसले होते, आणि उद्या द्यायचाच आहे तर फेरतपासणी करून टाकू म्हणून त्यांनी तव्याच्या कडेकडे हात नेला.

कलावतीबाईंचं थापणं थांबलं.

“अजी, असा उलटा हात काहून लावता?”

“मंग कसा लावाचा?”

“बाया कशा लावते?” त्यांनी तव्यावरची भाकरी बोटांच्या टोकांनी झटकन फिरवून दाखवली. “तुमी पोट्ट्याचा ताप बी असाच पाहाचे, उलट्या हातानं. मी म्हनो, हा बाप हाय का टीएक्सआर?”

गजभिये तोंड उघडं ठेवून बायकोकडे बघत राहिले. कलावतीबाईंनी पिठाळ हातानेच त्यांचा नवा हात पकडला, सुलटा केला आणि त्याची बोटं टम्म फुगलेल्या भाकरीवर टेकवली.

तर्जनीला ऊब लागली. मग मधल्या बोटाला. भाकरीचा पापुद्रा बोटांखाली दबला, त्यातून वाफ सुटली आणि चटका इतका खरा होता की गजभियेंनी “आई गं” म्हणून हात मागे ओढला. मग लगेच परत टेकवला. नसलेली मूठ कुठेतरी सैल पडत होती. एक बोट, मग दुसरं. दहा वर्षांचं आवळलेलं दुखणं हळूहळू उतरत होतं, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“लागते?” कलावतीबाईंनी विचारलं.

“लागते वो. लागते.”

रडू आवरल्यावर त्यांनी टीव्हीखालून ती रंगीत पुस्तिका ओढून काढली. दुसऱ्याच पानावर हाताची दोन चित्रं होती. एकात बोटांची टोकं आणि तळवा नारिंगी रंगवलेले, खाली लिहिलेलं, इथे स्पर्श कळतो. दुसऱ्यात हाताची मागची बाजू, कोरी.

“आता घ्या,” कलावतीबाई म्हणाल्या. “पोट्ट्याच्या पुस्तकावानी चित्र काढून देल्लं होतं. मीबी त्या दिशी मागूनच थोपटून राहिली होती.”

गजभियेंचे कान तापले. सगळ्यांना त्यांनी तपासलं होतं, मुलीला, टॅबला, समितीला, चहाच्या पेल्यालासुद्धा. तपासायचे राहिले होते ते फक्त टीएक्सआर गजभिये. आणि त्यांच्या एका शब्दावर पिंकीने नाव काढलं होतं.

सोमवारी सकाळी दहाला ते शंकर नगरात हजर होते. शर्मिष्ठाने त्यांच्याकडे पाहिलं आणि जमा करायची पेटी पुढे केली. गजभियेंनी पेटी बाजूला सारली, टेबलावरचा ठोकळा बोटांनी दाबला, मग हात उलटा करून त्याच ठोकळ्याला लावला. लॅपटॉपवर रेषा उसळली, मग सपाट झाली. शर्मिष्ठा एक क्षण बघत राहिली. मग तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

“अंकल! आप पीछे से…”

“हव. चूक माही हाय. तुह्यावर मी खोटा आळ घेतला.”

तिने लगेच शेखर सरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. गजभियेंनी सगळं सांगितलं.

“गजभियेजी,” शेखर सर म्हणाले, “शुक्रवार को आपने ‘नहीं’ लिखा, आज सोमवार को ‘हाँ’ बोल रहे हैं। बीच में कंपनी वाले आपके घर आए थे क्या?”

शर्मिष्ठाने ओठ चावला. गजभियेंच्या शब्दावर आजवर कोणी शंका घेतली नव्हती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, शेखर सरांच्या जागी असते तर त्यांनीही हेच विचारलं असतं.

“लिखकर दीजिए,” सर पुढे म्हणाले. “हम फिर आकर देखेंगे। पर दूसरा मरीज़ कहाँ है? उस लड़की ने तो नाम वापस ले लिया, और बाक़ी छह उसी का मुँह देख रहे हैं। आगे कोई तैयार ही नहीं तो मैं फ़ाइल किसके लिए खोलूँ?”

फोन बंद झाला. गजभियेंनी शर्मिष्ठाकडून दोन कागद मागितले. एकावर त्यांनी डाव्या हाताने स्वतःची चूक लिहून दिली, कोणाचाही दबाव नाही असं खाली वेगळं लिहिलं. दुसरा कागद पिंकीसाठीचा कोरा फॉर्म होता. तो घडी करून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला.

“टॅब ले लूँ?” शर्मिष्ठाने विचारलं. “मैं साथ चलूँ?”

“नको. तू आली तं पिंकी कायले मानन?”

बूढ़ापाऱ्यातल्या त्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. पार्लरच्या दारावर पडदा होता आणि ‘सिर्फ़ महिलाओं के लिए’ अशी पाटी. गजभिये पाटी वाचून पायरीवरच थांबले आणि त्यांनी हाक मारली. पिंकी पडदा सारून बाहेर आली, तिच्यामागून तिच्या बहिणीने आणि एकच भुवई झालेल्या एका गिऱ्हाइकाने डोकं काढलं.

गजभियेंनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. उलटा हात, भाकरी, पुस्तिका. पिंकीने ऐकून घेतलं.

“काकाजी, आपने ही बोला था, किसी पे भरोसा मत करना।”

“हव. बोल्लो होतो.”

“तो आज आप पे क्यों करूँ? आपको भी उन लोगों ने समझा के भेजा होगा।”

“समजावलं नाही,” गजभिये म्हणाले. मग त्यांना कळलं की यापुढे कितीही शपथा घातल्या तरी त्या फुकट आहेत. “बरं, नको करू भरोसा. तपास.”

पिंकीने त्यांच्याकडे, मग त्या उजळ रंगाच्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग ती आत गेली आणि रीळ घेऊन आली, तेच नवं रीळ. हातभर धागा तोडून तिने एक टोक गजभियेंच्या नकली अंगठ्याला आणि तर्जनीला वेढा देऊन बांधलं.

“उधर मुँह करो। दीवार की तरफ़।”

गजभिये भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. हात मागे, पिंकीकडे. भिंतीवर कोचिंग क्लासची अर्धी फाटलेली जाहिरात होती. धाग्याचं दुसरं टोक तिने दातात धरलं आणि मधला धागा डाव्या हातात घेतला. भुवया कोरताना धरतात तसा.

बोटांत काहीतरी बारीक ओढलं गेलं.

“ताण,” गजभिये म्हणाले.

ते सुटलं.

“ढील.”

पुन्हा ओढ लागली, आधीपेक्षा जोरात. “ताण. जास्त हाय.”

“अब खींच रही हूँ,” दातातल्या धाग्यामागून पिंकी म्हणाली. “कितना?”

गजभियेंनी वाट पाहिली. बोटं गप्प होती. खरं सांगितलं तर ती म्हणणार, बघा, काही कळत नाही.

“खोटं बोलून राहिली तू. ढीलच हाय.”

मागून बहिणीचा “हाय राम” असा आवाज आला. पिंकीने मग धागा पिरगाळला आणि कोरताना चालवतात तसा तो बोटांच्या टोकांवरून इकडून तिकडे चालवू लागली. “आता घासून राहिली,” गजभिये सांगत गेले. “अंगठ्याकडे… आता बोटाकडे… आता थांबली.”

धागा थांबला. ना ओढ, ना ढील. एका जागी धरलेला. एक स्कूटर हॉर्न वाजवत गेली. गजभियेंना मागे वळून बघायची सोय नव्हती, आणि विचारायचीही हिंमत होईना. ते जाहिरातीच्या फाटक्या कागदाकडे बघत राहिले. मग नसलेल्या तर्जनीला बारीक थरथर जाणवली. ती येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती. ही कसली तपासणी, हे त्यांना आधी समजेना. समजलं तेव्हा त्यांनी हात तसाच स्थिर धरून ठेवला.

“पिंके,” ते हळूच म्हणाले, “रडून राहिली काय वो?”

पिंकीच्या दातात धागा होता, आणि तो तिने सोडला नाही. थोड्या वेळाने तिचा डावा हात गजभियेंच्या खांद्यावरून पुढे आला आणि त्यांच्या खिशातून डोकावणारा फॉर्म तिने ओढून घेतला.